पाठकोरे कागद

विद्यापीठाच्या कचेरींत चहाचा उष्टा पेला आणि पाठकोरा कागद एकाच टोपलींत पडतात, हें विद्वत्तेस शोभत नाहीं. कोरडा कागद पांच-सात वेळां लगदा होऊन पुन्हां कागद बनूं शकतो. भिजलेला, मळलेला मात्र कवडीमोल! आणि हें नुकसान कोणाचें? कचरा वेचणाऱ्या बाईचें. पुण्यांत १९९३ सालीं स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचें मूळ ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणकार्यांत आहे. शिकवावयास गेलेल्यांच्या ध्यानांत आलें कीं, या स्त्रियांस अक्षरांआधीं निवडलेली रद्दी हवी आहे. उत्तरपत्रिका गोपनीय म्हणून बारीक कातरतात, त्यानें तंतु आखूड होतात, तें क्षम्य. पण टोपल्या दोन ठेवावयास कोणत्या सभेची मंजुरी हवी?