विश्लेषण : पोलंडच्या सांस्कृतिक संस्था बोलतात कोणासाठी?

सरकारी पैशातून आपली भाषा आणि संस्कृती परदेशात पोहोचवणाऱ्या संस्था अनेक देशांच्या आहेत. पुणे-मुंबईकरांना जर्मनीचे मॅक्सम्युलर भवन त्यामुळेच परिचयाचे. पोलंडचीही अशी यंत्रणा असून दिल्लीतील ‘पोलिश इन्स्टिट्यूट’ २०१२ पासून कार्यरत आहे. मात्र या संस्था देशाच्या वतीने बोलतात की त्या वेळच्या सरकारच्या, हा वाद पोलंडमध्ये गेली काही वर्षे सुरू आहे.

यंत्रणा कशी आहे?

हे काम एका संस्थेकडे नाही. बर्लिन, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, दिल्ली अशा सुमारे २५ शहरांतील पोलिश इन्स्टिट्यूट परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. वॉर्सातील ‘आदाम मित्सकिएविच इन्स्टिट्यूट’ २००० मध्ये स्थापन झाली. ती सांस्कृतिक मंत्रालयाच्या अधीन असून परदेशांत पोलिश संगीत, नाटक, चित्रकला, डिझाइन यांचे कार्यक्रम घडवून आणते. पोलिश पुस्तकांच्या अनुवादाला अर्थसाह्य देण्याचे काम क्राको येथील पुस्तक संस्थेकडे आहे. परदेशी विद्यापीठांतील पोलिशचे अध्यापन आणि भाषेची सरकारी प्रमाणपत्रे यांची जबाबदारी २०१७ मध्ये स्थापन झालेल्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेवर आहे.

भाषेला इतके महत्त्व का?

रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतल्यामुळे १७९५ ते १९१८ अशी १२३ वर्षे पोलंड नकाशावरच नव्हता. या काळात राष्ट्र टिकले ते भाषेत आणि साहित्यात. राष्ट्रकवी मित्सकिएविच यांचे मोठे लेखन परदेशातच झाले आणि १८५५ मध्ये त्यांचा मृत्यूही इस्तंबूलमध्ये झाला. रशियाच्या ताब्यातील वॉर्सात मारी क्युरी यांनी गुप्तपणे भरणाऱ्या ‘फिरत्या विद्यापीठा’त धडे घेतले. प्रशियाच्या ताब्यातील व्जेश्निया गावात १९०१ मध्ये धर्मशिक्षण जर्मनमधून घेण्यास नकार देणाऱ्या शाळकरी मुलांना मारहाण झाली. त्यातून उभा राहिलेला शाळकरी संप आजही तिथे अभिमानाने सांगितला जातो. त्यामुळे भाषेवरचा खर्च पोलंडमध्ये कोणत्याही पक्षाला चैन वाटत नाही. वाद आहे तो नियंत्रणाचा.

इतर देशांपेक्षा वेगळेपण काय?

मॅक्सम्युलर भवन चालवणारी ‘गोएथे इन्स्टिट्यूट’ ही नोंदणीकृत संस्था आहे. तिचा बराचसा पैसा जर्मन परराष्ट्र खात्याकडूनच येतो, पण दोघांमधील संबंध कराराने ठरलेले आहेत. ब्रिटिश कौन्सिलला १९४० पासून शाही सनद आहे. म्हणजे पैसा सरकारचा असला तरी रोजच्या निर्णयांत मंत्री आणि संस्था यांच्यात काही अंतर राहते. पोलिश इन्स्टिट्यूटच्या बाबतीत हे अंतर फारच कमी आहे. संचालकाची नेमणूक परराष्ट्र मंत्रालय करते आणि तेच त्याला परतही बोलावते.

बर्लिनमध्ये काय घडले?

‘लॉ अँड जस्टिस’ पक्ष २०१५ मध्ये सत्तेवर आल्यानंतर अनेक शहरांतील संचालक बदलले गेले. डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या संचालक कातार्झिना विएल्गा-स्कोलिमोव्स्का यांनाही मुदतीपूर्वी हटवण्यात आले. ज्यू विषयांवर त्यांनी प्रमाणाबाहेर भर दिला, असा आक्षेप घेतला गेल्याचे वृत्त तेव्हा जर्मन माध्यमांनी दिले. बर्लिनच्या सांस्कृतिक क्षेत्रातील मान्यवरांनी या निर्णयाचा निषेध केला. पुढे २०२२ मध्ये जर्मनीच्या संघीय सांस्कृतिक प्रतिष्ठानाने याच विएल्गा-स्कोलिमोव्स्का यांना कलासंचालक म्हणून निवडले. जर्मन प्रेक्षकांचा विश्वास मिळवणारी व्यक्ती पोलंडने स्वतःच गमावली होती.

मायदेशात काय झाले?

जर्मनीतील पोलिश मुलांना मातृभाषा शिकण्यासाठी पुरेशी मदत मिळत नाही, ही पोलंडची जुनी तक्रार आहे. तिचे उत्तर म्हणून २०२२ मध्ये पोलंडमधील जर्मन अल्पसंख्याक मुलांचे भाषेचे तास आठवड्याला तीनवरून एकवर आणले गेले. सुमारे ५० हजार मुलांना त्याचा फटका बसला. व्जेश्नियाची आठवण जपणाऱ्या देशातच मुलांची भाषा सौदेबाजीचे साधन बनली. सत्तांतरानंतर सप्टेंबर २०२४ पासून हे तास पूर्ववत झाले.

महाराष्ट्राशी नाते काय?

दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले, ते याच नात्यामुळे. वॉर्सात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा औंध संस्थानातील लोकसत्ताक प्रयोगात महत्त्वाचा वाटा होता. मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे त्यांनी इंग्रजीत आणली आणि १९७३ मधील ‘आय ॲम दॅट’मुळे ती जगभर पोहोचली. वांदा दिनोव्स्का यांच्यासह १९४४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या भारत-पोलिश ग्रंथमालेतून भारतीय विचार पोलिश वाचकांपर्यंत गेला. या कामामागे कोणतेही मंत्रालय नव्हते.

पुढे काय?

डिसेंबर २०२३ पासून डोनाल्ड टुस्क यांचे सरकार सत्तेवर आहे. पोलंडच्या युरोपीय महासंघ परिषदेच्या अध्यक्षपदाच्या काळात, २०२५ च्या पूर्वार्धात, मित्सकिएविच इन्स्टिट्यूटने मोठा सांस्कृतिक कार्यक्रम राबवला. मात्र २०२५ मध्ये विरोधकांच्या पाठिंब्यावर कारोल नाव्रोत्स्की अध्यक्षपदी निवडून आले आणि संसदेची पुढील निवडणूक २०२७ मध्ये आहे. परदेशी वाचक-प्रेक्षकांशी नाते जुळायला अनेक वर्षे लागतात. संचालक हटवायला मंत्रालयाचे एक पत्र पुरते. संस्था आणि मंत्रालय यांच्यातील अंतर कायद्याने आखले गेले नाही, तर बर्लिनची पुनरावृत्ती कोणत्याही सरकारच्या काळात होऊ शकते.