तोंड झाकून दिलेली धमकी दखलपात्र करा



वाशीतल्या आमच्या शेजारच्या सोसायटीत पुनर्विकासावरून वाद धुमसतो आहे. सभेत कागदपत्रे मागणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला परवा भरदुपारी दोघांनी मोटारसायकल आडवी घालून अडवले. हेल्मेटची काळी काच खाली, नंबरप्लेटवर चिखल थापलेला. ‘बाई, सही करून टाका, नाहीतर बघून घेऊ,’ एवढे बोलून ते पसार झाले. पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदली गेली आणि प्रकरण तिथेच थांबले.

दोष ठाण्यातल्या हवालदाराचा कमी, कायद्याचा जास्त आहे. नाव किंवा ठावठिकाणा दडवून धमकावणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 351(4) नुसार मूळ शिक्षेखेरीज आणखी 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. धमकावणारा ओळखीचा असेल तर निदान त्याचे नाव घेऊन कोर्टात जाता येते. तोंडच झाकलेले असेल तर कोणाचे नाव घ्यायचे? जिथे तपासाची गरज सर्वाधिक, तिथेच तो अडतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 122 मध्ये गुन्ह्याच्या हेतूने चेहरा झाकणे शिक्षापात्र आहे, पण फक्त सूर्यास्त ते सूर्योदय. दिवसाढवळ्या दमदाटी करणाऱ्यांना ते लागू होत नाही.

यावर सरसकट मास्कबंदी हा उपाय नव्हे. तळोजा एमआयडीसीच्या उग्र वासामुळे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या धुळीमुळे शेकडो लोक तोंडाला रुमाल, स्कार्फ बांधतात. कोणी आजारपणामुळे मास्क लावते, कोणी बुरखा घालते. त्यांना हटकण्याचा अधिकार कोणालाही मिळता कामा नये. न्यूयॉर्कने तोंड झाकून जमण्यावरचा 1845 चा कायदा कोविडकाळात, 2020 मध्ये रद्द केला, तो अशाच सरसकटपणामुळे अडचणीचा ठरला म्हणून. गुन्हा धमकीचा आहे. झाकलेला चेहरा त्याचे गांभीर्य वाढवतो, इतकेच.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. विधिमंडळाने राज्य दुरुस्ती करून, राष्ट्रपतींच्या संमतीने, चेहरा झाकून दिलेली धमकी रात्रंदिवस दखलपात्र करावी आणि केवळ चेहरा झाकला म्हणून कोणाला अडवता येणार नाही, हेही त्यातच लिहावे. तोपर्यंत नवी मुंबई पोलीस आयुक्तांनी एक करावे: अशी तक्रार येताच आसपासच्या सोसायट्या व दुकानदारांना सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला त्याच दिवशी लेखी कळवावे. दंडाधिकाऱ्यांचा आदेश हाती येईपर्यंत पुरावाच पुसला गेला, तर त्या आदेशाचा तक्रारदाराला काय उपयोग?

– एक वाचक, वाशी, नवी मुंबई