घरातला फोन बहिणीच्या हातातही द्या

शिकवणीची फी परवडली नाही म्हणून पोरगं मागे पडलं, हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांत इतक्यांदा ऐकू येते की आता ते कोणाला टोचतही नाही. मी नगरच्या मुकुंदनगरमध्ये राहतो. इथून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत गॅरेज, हमाली, फळांच्या गाडीवर चालणाऱ्या घरांनी शिकवणीला पैसे कुठून काढायचे? पण शाळेतला बराचसा अभ्यास आज व्हिडिओवर फुकट मिळतो. तरीही मुले, आणि विशेषतः मुली, त्यापासून लांब का? माझ्या मते आता अडचण पैशाची कमी आणि घरातल्या रीतीची जास्त आहे.

काय उपलब्ध आहे ते आधी पाहू. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड छापलेले असतात. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या दीक्षा अ‍ॅपने ते स्कॅन केले की धड्याचे साहित्य उघडते. ते उतरवून ठेवले तर नंतर नेट नसले तरी चालते. खान अकॅडमीवर गणित मराठीतही आहे. स्मार्टफोन नाही, पण फ्री डिशची छत्री आहे, अशा घरात पीएम ई-विद्याच्या वाहिन्या महिन्याचे पैसे न भरता दिसतात.

खान अकॅडमीचा जन्म कसा झाला, हे आपण लक्षात ठेवायला हवे. बांगलादेशी वडिलांचा मुलगा सलमान खान २००४ मध्ये अमेरिकेत नोकरी करत होता. दुसऱ्या शहरात राहणारी नात्यातली बहीण नादिया गणितात अडली, म्हणून तो तिला फोनवरून शिकवू लागला. मग इतर भावंडे आली. २००६ मध्ये त्याने धडे यूट्यूबवर टाकले. भावंडांना ते आवडले, कारण न लाजता तोच भाग पुन्हा पुन्हा पाहता येत होता. एवढ्या मोठ्या संस्थेच्या मुळाशी बहिणीसाठी वेळ काढणारा एक भाऊ आहे.

दुसरे उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी धडे त्यांच्या भाषेत नेले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा गौरव झाला तो मुलींच्या शंभर टक्के हजेरीचाही. तंत्र तिथे कामी आले, कारण प्रत्येक मुलीमागे एक माणूस उभा होता.

आपल्याकडे काय होते? घरात एकच फोन. दिवसभर तो अब्बांसोबत कामावर. रात्री भावाच्या हातात, क्रिकेट आणि रील्ससाठी. बहिणीने मागितला की, ‘तुला कशाला हवा?’ उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते, हायस्कूल लांब पडते, आणि नेमक्या याच वयात मुलीची वही बंद होते. फोनने मुली बिघडतात म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: मग तोच फोन मुलाच्या हातात तासन्‌तास कसा चालतो?

व्हिडिओ शाळेची जागा घेणार नाही. तो शंका ओळखत नाही, वही तपासत नाही, आणि पुढच्या क्षणी गाण्याकडेही नेतो. म्हणून शेजारी कोणीतरी बसायला हवे. ते काम तुमचे-माझे, कॉलेजात गेलेल्या भावाबहिणींचे.

रोज मगरीब ते इशा फोन अभ्यासाचा, असे घरात ठरवा. दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ लावा, थांबवा आणि गणित वहीत सोडवायला लावा. उर्दू माध्यमातल्या मुलाला तोच धडा मराठीतही ऐकवा. दहावीनंतर मराठी-इंग्रजीचा धक्का कमी बसेल. मोहल्ल्यात जमातखाना किंवा वाचनालय असेल, तर संध्याकाळी एक खोली आणि एक टीव्ही मागा. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांची सोय होईल.

सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे याच नगरात, मिस फरार यांच्या संस्थेत घेतले. त्या शहरातल्या मुलीला आज अर्ध्या तासासाठी फोन मागावा लागू नये. तो आपणहून तिच्यासमोर ठेवा, आणि शेजारी बसा.