पाटीवरची पदवी

परवा बाजारच्या दिवशी ओळखीचे एक शेतकरी दवाखान्यात आले. तक्रार प्रकृतीची नव्हती. नातीला अमेरिकेतल्या मराठी घरातले स्थळ आले होते. मुलगा डॉक्टर, पण पदवी एम.डी. नव्हे, डी.ओ. बाबांनी हळूच विचारले, "डाक्टरसाहेब, हाऊ खरा डॉक्टर शे ना?"

खरा आहे, मी म्हणालो. डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टर. अँड्र्यू स्टिल यांनी १८७४ मध्ये ही पद्धत सुरू केली. हाडे-स्नायू हातांनी हलवून उपचार करणे हा तिचा पाया. एम.डी. मंडळी त्यांना अनेक वर्षे डॉक्टर मानत नव्हती. पुढे त्यांनी औषधशास्त्र, शस्त्रक्रिया असे सारे विषय पूर्ण शिकवले. १९७३ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत त्यांना पूर्ण परवाना मिळाला. म्हणजे मान्यतेला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि ती अभ्यास वाढवून मिळाली.

मग मीच विचारले, "बाबा, गावात ज्यांच्याकडे इंजेक्शन घेता, त्यांची पदवी कोणती?" बाबांना सांगता येईना.

मी स्वतः एम.बी.बी.एस., म्हणून आपल्याच जातभाईंची बाजू घेतो असे वाटेल. पण खेड्यात रात्री दोन वाजता दार उघडतो, तो बहुधा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. डॉक्टरच. त्याला हिणवणे हा कृतघ्नपणा होईल. मात्र सेवा वेगळी आणि औषधाचे ज्ञान वेगळे. मुंबईतील एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणाच ठरवला. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यान्वये होमिओपॅथांसाठी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम आला. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये डॉक्टरांचा संपही झाला.

माझे मत स्पष्ट आहे. एका वर्षात साडेपाच वर्षांची भरपाई होत नाही. ज्यांना आमची औषधे द्यायची आहेत, त्यांना तेच विषय पूर्ण शिकवा आणि परीक्षाही तीच घ्या. मग त्यांना बरोबरीचा मान द्यायला आम्ही खळखळ करू नये.

तोवर वाचकहो, डॉक्टरच्या पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचा. समजले नाही तर विचारा. त्यात संकोच कसला? जावयाची पदवी विचारतो, मग आपल्या दंडात सुई टोचणाऱ्याची का विचारू नये?