फाटकावरची भरपाई

कारखान्यात माणसे मेली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन आकडे ठळक असतात. पहिला मृतांचा, दुसरा लाखांचा. दुसऱ्या आकड्याला चिकटून एक ठरलेला शब्द येतो: ‘सानुग्रह मदत’. रायपूरच्या हिंदी वर्तमानपत्रांत तोच ‘अनुग्रह राशि’ होतो. शब्द संस्कृत असल्यामुळे दोन्ही भाषांत तो बिनबोभाट खपतो, आणि अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. अनुग्रह म्हणजे कृपा. देव करतो, गुरू करतो, राजा करतो. कृपा किती करावी हे करणाऱ्याने ठरवायचे आणि घेणाऱ्याने हात जोडायचे. छप्पर ज्याचे, त्यानेच ते अंगावर पडून मेलेल्याच्या घरच्यांवर कृपा करावी, हा शब्दप्रयोग गेली कित्येक वर्षे कोणालाही खटकलेला दिसत नाही.

बीरगांव हे छत्तीसगडमधल्या रायपूरच्या उत्तरेचे, उरला औद्योगिक क्षेत्राला खेटून वाढलेले कामगारांचे शहर. बिलासपूर रस्त्याने आणखी पुढे गेले की सिलतरा. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, फेरो अलॉय ही इथली पिके. सिलतऱ्यात गोदावरी पॉवर अँड इस्पातच्या पेलेट प्रकल्पात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सांगाडा कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ९ जानेवारीला मुंगेली जिल्ह्यात सरगावजवळच्या लोखंड कारखान्यात सायलो कोसळून चार जण गेले होते. त्याआधी २५ मे २०२४ रोजी बेमेतरा जिल्ह्यातल्या पिरदा गावी स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे नातेवाइकांना मृतदेहही धड मिळाले नाहीत, डीएनए तपासणीची वाट पाहावी लागली. आणि या सगळ्यांच्या मागे कोरबा उभे आहेच: २३ सप्टेंबर २००९, बाल्को या ॲल्युमिनियम कंपनीच्या वीज प्रकल्पाची बांधकाम चालू असलेली चिमणी, ४० मृत.

आता त्या कृपेकडे. कामावर मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला पैसे देणे हे भारतात १९२३ च्या कायद्यापासून बंधनकारक देणे आहे. तेव्हा रायपूर मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. पुढे १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच राज्यात राहिली. १९२३ च्या त्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या नावात पुढे ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला, पण गाभा तोच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली; त्याआधीच्या अपघातांना मात्र तोच लागू. अपघात कामावर असताना आणि कामामुळे झाला, एवढे दाखवले की मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. उलट, कामगाराची चूक होती, त्याने हेल्मेट घातले नव्हते, तो दारू प्यायला होता, या सबबी मालकाला जखमांच्या बाबतीत काही प्रमाणात उपयोगी पडतात. मृत्यू झाला असेल तर त्या कायद्यानेच बंद केल्या आहेत. अपघातानंतर ‘मृताने सुरक्षेचे नियम पाळले नव्हते’ असे निवेदन काढणाऱ्या व्यवस्थापकांना हे ठाऊक नसते असे नाही. ते निवेदन कोर्टासाठी नसते, फाटकावर जमलेल्या लोकांसाठी असते.

या कायद्याला एक परिशिष्ट होते, चौथे. त्यात एका बाजूला वय आणि दुसऱ्या बाजूला एक गुणक, एवढाच तक्ता होता. सोळा वर्षांसाठी २२८.५४, तीस वर्षांसाठी २०७.९८, पन्नासला १५३.०९. मृताच्या मासिक पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला या आकड्याने गुणायचे. जानेवारी २०२० पासून हिशोबात धरण्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये होता. म्हणजे तीस वर्षांच्या माणसाचे साडेसात हजार गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५० रुपये. पन्नाशीच्या माणसाचे ११,४८,१७५. महिना पंचवीस हजार मिळवणारा फिटर आणि पंधरा हजारांचा हेल्पर एकाच वयाचे असतील तर मेल्यावर सारखेच. आणि हजेरीपटावर ठेकेदाराने दहा हजारच दाखवले असतील, तर तिशीतल्या त्याच हेल्परचे १०,३९,९०० होतात. पाच लाखांहून जास्त फरक, आणि तो अपघाताच्या कितीतरी आधी, पगाराच्या दिवशी सही करताना पडलेला असतो.

हा तक्ता खरोखर वाचण्यासारखा आहे. माणसाची किंमत दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत काढणारे सरकारी कागद फार नसतील. त्यात भयंकर काही नाही, उलट थोडा दिलासा आहे. त्यातला एक पैसाही कमी-जास्त करण्याचा अधिकार कोणत्याही मंत्र्याला, व्यवस्थापकाला किंवा सरपंचाला नाही. तक्त्यात मेहरबानीला जागा नाही. सानुग्रह मदतीच्या यादीत हे वयाचे कोष्टक कधी दिसत नाही. तिथे सगळे गोल आकडे असतात, पाच लाख, दहा लाख, पन्नास हजार. मेलेला एकोणीस वर्षांचा असो की एकोणपन्नास. सरकारने जाहीर केलेले पैसे सरकारचे, म्हणजे करदात्याचे असतात. त्याने कारखान्याचे देणे फिटत नाही. बातमीत मात्र दोन्ही रकमांची बेरीज एका वाक्यात येते आणि वाचणाऱ्याला वाटते, मिळाले की इतके.

प्रत्यक्षात हिशोब होतो तो फाटकावर. ही रीत छत्तीसगडची एकट्याची नाही. नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटके कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ जण गेले तेव्हाही गावकरी फाटकापुढेच जमले होते. मृतदेह उचलायचा नाही, तहसीलदार मध्ये, पोलीस बाजूला, गावातले चार पुढारी आत जाऊन बाहेर येणार, प्रत्येक फेरीत आकडा दोन लाखांनी वर. एका नोकरीचे तोंडी आश्वासन. मग एका कागदावर ‘यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही’ आणि त्याखाली विधवेचा अंगठा. शाईचा पॅड कारखान्याच्या टाइम ऑफिसातून आणलेला. उन्हाळा असेल तर हे सगळे लवकर उरकते, कारण मृतदेह थांबत नाही आणि हे दोन्ही बाजूंना माहीत असते.

या कागदाची कायद्यात किंमत शून्य आहे. १९२३ च्या कायद्याचे कलम १७ सांगत होते की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. कलम ८ त्याहून पुढे जात होते. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हातात द्यायचीच नाही. ती या कायद्याखालच्या आयुक्तांकडे जमा करायची आणि वाटप आयुक्तांनी करायचे. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढ्या आगाऊ रकमेचा. शंभर वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना सावकार, मुकादम आणि मृताचा थोरला भाऊ हे तिन्ही चांगले ओळखीचे असावेत. शिवाय देणे थकवले, महिना उलटला, तर १२ टक्के व्याज, आणि कारण पटले नाही तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. मृत ठेकेदाराचा माणूस होता, आमच्या पटावर नव्हता, हेही चालत नाही: कलम १२ प्रमाणे दावा थेट मुख्य कारखानदारावर लावता येई, त्याने मग ठेकेदाराकडून वसूल करत बसावे.

इथे एक फाटा फुटतो आणि बहुतेक कुटुंबे त्यातच हरवतात. मृत माणूस राज्य कामगार विमा (ईएसआय) योजनेत असेल, म्हणजे पगार २१,००० पर्यंत आणि ईएसआयची कपात होत असेल, तर १९२३ च्या कायद्याची एकरकमी भरपाई मिळत नाही. त्याऐवजी निवृत्तिवेतनासारखी दरमहा रक्कम: सरासरी वेतनाच्या ९० टक्के, त्यातले तीन पंचमांश विधवेला, दोन पंचमांश प्रत्येक मुलाला, बेरीज मूळ रकमेच्या वर जाऊ लागली तर त्या प्रमाणात सगळ्यांचे कमी. घर चालवण्याच्या दृष्टीने ही व्यवस्था फाटकावरच्या धनादेशाहून बरी आहे. धनादेशाला दिराचे लग्न आणि जुने कर्ज आठवडाभरात वाट दाखवतात. महिन्याच्या पैशाला तशी सोय नसते. फक्त ‘पंधरा लाख’ या शब्दाला जो आवाज आहे तो ‘दरमहा’ला नाही, म्हणून पुढारी तिची मागणी करत नाहीत.

शिक्षेचा भाग थोडक्यात संपतो, कारण शिक्षाच थोडक्यात संपते. गुन्हा नोंदतो तो पर्यवेक्षक, ठेकेदार, फार तर व्यवस्थापकावर. कारखाना कायद्यात मात्र ‘ऑक्युपायर’, म्हणजे ताबेदार, हा कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच कोणी असावा लागतो. कंपनीला तुरुंगात घालता येत नाही म्हणून तिच्यावर खटलाच नको, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात निकालात काढला. दंड करता येतो. दंड किती? १९४८ च्या कायद्यात मृत्यू झाल्यास कमीत कमी २५,००० आणि जास्तीत जास्त एक लाख. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कमीत कमी पाच लाख, आणि त्यातला निम्मा किंवा जास्त भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. सिलतऱ्याचा अपघात या तारखेच्या बरोबर ५६ दिवस आधीचा आहे. तो जुन्या दरात बसतो. भोपाळ वायुदुर्घटनेच्या खटल्यात २०१० मध्ये आरोपींना दोन वर्षांची शिक्षा झाली होती, दुर्घटनेनंतर पंचवीस वर्षांनी. त्यापुढे एक लाख काय आणि पाच लाख काय.

कोरब्याची चिमणी पडली तेव्हा वादळ आणि वीज यांचे कारण पुढे आले. दैवी आपत्ती ही इंग्रजी कायद्यातली जुनी ढाल. दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्समधून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती भगवती यांच्या घटनापीठाने १९८६ मध्ये ती ढाल धोकादायक उद्योगांच्या हातून काढून घेतली. असा धंदा करून नफा घेणाऱ्याने नुकसानही पूर्ण सोसायचे, अपवाद नाही, आणि उद्योग जितका मोठा आणि सधन तितकी भरपाई मोठी. निकालाला चाळीस वर्षे होत आली. फाटकावरच्या वाटाघाटीत त्याचे नाव निघाल्याचे ऐकिवात नाही.

राहिले बीरगांव, म्हणजे कारखान्याच्या भिंतीबाहेरची माणसे. इथे गच्चीवर हात फिरवला तर तळवा काळा होतो. पांढरे कपडे घरात वाळत घालतात, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वीट ठेवतात. कारखाना कायद्यात भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कलम ४१ब घातले गेले. घातक प्रक्रियांच्या कारखान्याने धोका काय, आरोग्याला अपाय काय आणि आपत्तीत काय करायचे, हे कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपास राहणाऱ्या जनतेला सांगायचे. घातक प्रक्रियांच्या यादीत पहिलाच क्रमांक लोखंड-पोलादाचा आहे, फेरो अलॉयसकट. व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हे कर्तव्य कायम आहे. तेव्हा भोंगा वाजला तर घराबाहेर पळायचे की दारे लावून आत बसायचे, हे बीरगांवच्या शाळेतल्या पोराला पाठ असायला हवे. भोंगा पाळी बदलल्याचा आहे की आणखी कशाचा, एवढे जरी ओळखता आले तरी चालेल.

कंपन्या या जागी सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा, फलक दाखवतात: पाणपोई, शिलाई यंत्रे, वृक्षारोपण. नफ्याच्या दोन टक्क्यांतला हा खर्च वेगळा. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला आणि कायद्याने आधीच बंधनकारक असलेला खर्च त्यात धरता येत नाही, असे सीएसआरचे नियमच सांगतात. डोंबिवलीकरांना हा भेद कोणी समजावण्याची गरज नाही. तिथल्या प्रोबेस कारखान्यातल्या २६ मे २०१६ च्या स्फोटात बारा जण गेले, कैक घरांच्या काचा आणि भिंती गेल्या, पंचनामे झाले. २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान या रसायन कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आधीच्या पंचनाम्यांचे पैसे मागणारे रहिवासी अजून होतेच. बाहेरच्यांसाठी १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. त्यात मृत्यूला ठरलेली विनाचूक भरपाई २५,००० रुपये होती, आणि ती तीन दशके तशीच राहिली. तेवढ्यात गच्चीवरची टाकीही नीट बदलून होत नाही.

विमा योजनेबाहेरच्या मृतांच्या वारसांना १९२३ च्या कायद्याखाली दावा करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. फाटकावर कोणत्या कागदावर अंगठा उठवला होता, याचा तिच्याशी संबंध नाही. सिलतऱ्याच्या अपघातापुरती ती मुदत २६ सप्टेंबर २०२७ रोजी संपते.