ज्योत दिसली म्हणजे साठा सापडला नव्हे

हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात ज्वालामुखी देवीच्या मंदिरात खडकांच्या फटींतून शतकानुशतके ज्योती तेवत आहेत. भाविकांच्या दृष्टीने ते देवीचे रूप. भूशास्त्राच्या दृष्टीने तो भूगर्भातून झिरपणारा नैसर्गिक वायू. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९५७ मध्ये याच परिसरात विंधनविहीर खोदावयास घेतली. वायूच्या खुणा मिळाल्या. व्यापारी उत्पादनास पुरेल असा साठा मात्र हाती आला नाही.

असे का व्हावे? भारतीय भूखंड आशियावर आदळला तेव्हा गाळाच्या खडकांचे थर चेपले जाऊन त्यांना घड्या पडल्या. अशा घडीच्या कमानीत सच्छिद्र खडक असेल आणि वर अभेद्य थराचे झाकण असेल, तर हलका वायू तेथे अडकून राहतो. परंतु ज्या रेट्याने कमान उभी राहते, त्याच रेट्याने ती भंगतेही. ज्वालामुखीच्या परिसरातून असाच एक मोठा प्रस्तरभंग जातो. तेव्हा पृष्ठभागावरील ज्योत ही साठ्याची ग्वाही नव्हे. झाकण गळके असल्याची ती खूणही असू शकते.

त्याच टकरीतून उभ्या राहिलेल्या सुलेमान पर्वतरांगेच्या पायथ्याशी, बलुचिस्तानातील सुई येथे १९५२ मध्ये प्रचंड वायुक्षेत्र सापडले. तेथे चुनखडकाची विस्तीर्ण कमान होती आणि तिच्यावरील शेल खडकाचे झाकण शाबूत होते. १९५५ मध्ये तो वायू नळाने कराचीस पोहोचला आणि पुढे कित्येक दशके पाकिस्तानच्या उद्योगांचा आधार ठरला. पर्वतजन्माचे कारण एक, फळ मात्र भिन्न!

भारताला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे निम्मा आज आयात करावा लागतो. अशा वेळी हिमालयाचा पायथा निरुपयोगी ठरवून मोकळे होणे परवडणारे नाही. मात्र उंचसखल प्रदेशात भूकंपीय सर्वेक्षण अवघड असते, उलटेपालटे झालेले थर नकाशावर स्पष्ट उमटत नाहीत आणि खोल विहिरीचा खर्च अखेर जनतेच्याच पैशातून होतो. म्हणून वायूचा पहिला फुत्कार दिसताच समृद्धीच्या घोषणा करणे जितके गैर, तितकेच एका कोरड्या विहिरीवरून संशोधन गुंडाळणेही गैर. अयशस्वी विहीरदेखील खडकांची माहिती देऊन जाते. ती माहिती जपून पुढील विहिरीची जागा ठरविणे, हाच या खर्चाचा खरा मोबदला होय.