नळ्या विकणारा माणूस आणि आपला ऊस



उसाला ठिबक करा असे आम्ही गटसभेत म्हटले की एक प्रश्न ठरलेला असतो. मागच्या ओळीतून कोणीतरी विचारतो, "साहेब, नळीवाल्या कंपनीचं तुमाला काय सुटतं?" सभेत हशा होतो आणि विषय तिथेच बारगळतो. शेतकी खात्याला काही सुटत नाही, हे एका ओळीत सांगून आम्ही मोकळे होतो. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरी शंका आहे आणि ती टिंगलीवारी नेण्यासारखी नाही. ज्याने शेतकऱ्याला माल विकून संपत्ती केली, त्याचे सांगणे शेतकऱ्याच्या हिताचे असेल कशावरून? म्हणून ज्या माणसाने नळ्या विकून देशभर नाव आणि पैसा दोन्ही मिळविले, त्या जळगावच्या भवरलाल जैन यांच्याविषयी आज लिहावयाचे ठरविले आहे.

संभाजीनगरहून जळगावला जाताना अजिंठ्याचा घाट उतरला की वाकोद लागते. भवरलालजींचा जन्म तेथे १२ डिसेंबर १९३७ रोजी झाला. घराणे मूळचे राजस्थानातले. १८८७ साली दुष्काळी मुलूख सोडून इकडे आलेले. मुलगा मुंबईत वाणिज्य आणि कायदा शिकला. सरकारी अधिकाऱ्याच्या जागेवर निवडही झाली. आता आपल्या भागात असे झाले असते तर काय झाले असते, हे आम्ही सांगायला नको. शिपायाच्या जागेसाठी दोन एकर काळी जमीन विकणारे बाप आम्ही पाहिलेले आहेत. या मुलाच्या आईने मात्र, गौराबाईंनी, नोकरीऐवजी शेतीशी नाते असलेला धंदा करण्याचा सल्ला दिला. घरातली सगळी शिल्लक मिळून ७,००० रुपये निघाले. त्यावर १९६३ साली रॉकेलचा धंदा सुरू झाला. पुढे ट्रॅक्टर, मोटारसायकली, खते, बियाणे, पाइप अशा एजन्सी येत गेल्या.

१९७८ साली त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद कारखाना ३० लाख रुपयांना घेतला. केळीची भुकटी चालेना म्हणून तेथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास सुरुवात केली आणि ते परदेशी पाठविले. चीक पुरवणारे शेतकरी आसपासचेच. १९८० साली पीव्हीसी पाइप आले. आमच्या ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल, विहिरीपासून शेतापर्यंत कच्च्या पाटाने जाणारे पाणी निम्मे वाटेतच जिरायचे. पाइपाने तेवढे थांबले. शेतात पोचलेले पाणी मात्र तसेच मोकाट सुटत राहिले.

ठिबकचा शोध भवरलालजींनी लावलेला नाही. इस्राएलमध्ये ते १९६० च्या दशकातच रुजले होते. आपल्या देशातही त्यांच्या आधी नळ्या विकायला लोक आले होते. नळ्या टाकायच्या, बिल घ्यायचे आणि जायचे, एवढाच त्यांचा संबंध. तोट्या चोंदल्या की शेतकरी म्हणायचा, हे आपल्या मातीत चालत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी जैन यांनी हा धंदा हाती घेतला. मातीचा व पाण्याचा नमुना तपासणे, शेताची आखणी, पिकाला खत कधी किती द्यायचे याचा तक्ता, आणि नंतर माणूस पाठवून विचारपूस, हे सगळे नळीबरोबर दिले पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला. आमच्या मते त्यांची सगळी कमाई या एका गोष्टीत आहे. १९९७ साली अमेरिकेतील सिंचन संघटनेने त्यांना क्रॉफर्ड रीड पुरस्कार दिला आणि २००८ साली पद्मश्री मिळाली, ती याच कामाची पावती.

अर्धापूरकडच्या सभासदांना वेगळे सांगायला नको. ऊतिसंवर्धित केळीचे रोप आणि ठिबक ही जोडी तिकडच्या मळ्यात केव्हाच घरची झाली. नवल असे की त्याच शेतकऱ्याच्या शेजारच्या तुकड्यातल्या उसाला आजही सरीने पाणी दिले जाते. केळी नाजूक आणि ऊस दणकट, त्याला काय धाड भरली आहे, अशी समजूत! काही वर्षांपूर्वी आम्ही सभासदांची एक बस जळगावला जैन हिल्सवर नेली होती. एके काळचे ते उघडे माळरान आता झाडीने भरलेले आहे. मंडळी झाडी, बंधारे, कारखाना पाहून खूश झाली. पण वाळूची टाकी आणि जाळीचा फिल्टर धुवून दाखवायला लागले तेव्हा निम्मे लोक चहाला गेले होते. ठिबक जिथे फसते ती जागा नेमकी तीच आहे.

आता या माणसाच्या चुकीचे सांगतो, कारण ते आपल्या अहवालवाचनात उपयोगी पडेल. १९९० च्या दशकात कंपनीने वित्तपुरवठा, संगणक, ग्रॅनाइट असल्या शेतीबाहेरच्या धंद्यांत हात घातला आणि ते चांगलेच पोळले. कर्ज डोक्यावर आले. तेव्हा भवरलालजींनी भागधारकांची जाहीर माफी मागितली, ते धंदे बंद केले आणि पुन्हा शेतीवर आले. आपणही भागधारक आहोत. कारखानदारीतल्या वार्षिक सभा आम्ही बऱ्याच पाहिल्या. अहवालात "अपरिहार्य कारणास्तव" हे शब्द पुष्कळ वेळा वाचले, माफीचा शब्द वाचल्याचे आठवत नाही.

दानधर्माविषयी थोडक्यात. जळगावात गरीब घरच्या मुलांसाठी अनुभूती शाळा आहे. जैन हिल्सवर गांधीतीर्थ हे संग्रहालय २०१२ साली उघडले. कवी ना. धों. महानोरांसारख्या लेखकांशी त्यांचा स्नेह होता. हे सगळे चांगलेच आहे. पण श्रीमंत माणसाने दान केले म्हणून त्याला हार घालायचा आणि विषय संपवायचा, ही आपली जुनी खोड आहे. आम्हाला त्यांचा व्यापार अधिक अभ्यासण्यासारखा वाटतो. गिऱ्हाईकाच्या शेतात पीक आले नाही तर पुढच्या वर्षी आपला माल खपणार नाही, हे ओळखून केलेला तो व्यापार होता.

तोही निर्धोक नव्हता. ठिबकचा धंदा सरकारी अनुदानावर फार टेकलेला. अनुदान अडकले की कंपनी अडकते आणि शेतकरीही. भवरलालजींच्या पश्चात कंपनी कर्जाच्या अडचणीत आली आणि परदेशातला सिंचन व्यवसाय २०२३ साली रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करावा लागला. म्हणजे अमक्याचीच नळी घ्या असे आमचे मुळीच म्हणणे नाही. प्रमाणित कोणाचीही घ्या, पण घेण्याआधी नंतरची सेवा कोण देणार ते लिहून घ्या.

भवरलालजी २५ फेब्रुवारी २०१६ रोजी वारले. त्यानंतर दीड महिन्याच्या अंतराने मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडे पडले होते. आता हिशेब करा. मोकाट पाण्याच्या उसाला वर्षाला २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. एकराला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. २,५०० ने गुणले तर एक कोटी लिटर, म्हणजे तसल्या वीस रेल्वेगाड्या, एका एकराला! त्यात पावसाचा वाटा आहे, तो वजा करा. राहिलेल्या पाण्यात ठिबकने चाळीस टक्के बचत धरली तरी एकरी सहा-सात गाड्या पाणी वाचते. त्या वर्षी उभा ऊस वैरणीला गेला आणि २०१६-१७ च्या हंगामात मराठवाड्यातल्या अनेक कारखान्यांना गाळप करता आले नाही. मराठवाड्यात ऊसच नको, असे म्हणणारे तज्ज्ञ तेव्हापासून वाढले आहेत. त्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. एकरी पाण्याचा आकडा खाली आणून दाखविला तरच आपल्याला बोलायला तोंड राहील.

जुलै २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. सक्तीने काय होते ते आपण पाहतोच. अनुदानासाठी नळ्या पसरल्या जातात, फोटो निघतो आणि पुढच्या हंगामात वेटोळे करून बाभळीला टांगले जाते. सभासदांच्या अडचणी खऱ्या आहेत हे आम्हाला मान्य आहे. "उंदरानं नळ्या कुरतडल्या", "लाइट रात्रीची", "विहीर तिघा भावांत" ही गाऱ्हाणी आम्ही रोज ऐकतो. लातूरकडच्या खोल बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त की आम्लाने धुतल्याशिवाय तोटी हंगामभर चालत नाही. एका विक्रेत्याने तर आमच्या एका गटात पाणी न तपासताच चाळीस एकरांवर नळ्या टाकल्या आणि तो परत फिरकला नाही. पण यातली कोणतीही अडचण अशी नाही की जिच्यावर कोणी ना कोणी आपल्याच शिवारात तोड काढलेली नाही. चार-पाच फुटांची सरी, मधे पाचटाचे आच्छादन, नळीतून थोडे थोडे खत, आणि आठवड्याला फिल्टर धुणे. एवढे पाळणाऱ्यांचा खोडवाही नीट फुटतो, हे आम्ही नोंदवहीवरून सांगतो.

पूर्वहंगामी लागणीसाठी ज्यांना ठिबक करावयाचे आहे त्यांनी सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकाची प्रत घेऊन गट कार्यालयात यावे. महाडीबीटीचा अर्ज आमचा माणूस भरून देईल. येताना आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी स्वच्छ बाटलीत एक लिटर आणावे. बाटलीवर गट नंबर लिहावा. पाण्याचा अहवाल आल्याशिवाय कोणत्याही कंपनीच्या कोटेशनवर सही करू नये. सामाईक विहीरवाल्या भावांनी एकत्रच यावे, म्हणजे पाळीचे तिथेच ठरेल.